म्हाताऱ्या कुत्र्याचं दुखणं: ओळखायचं कसं, शोधायचं कसं

पानगळ

म्हाताऱ्या कुत्र्याचा विषय निघाला की "आता वय झालं, मंदावणारच" हे उत्तर ठरलेलं. वयाने तोंडावरचे केस पांढरे होतात, डोळ्यांत निळसर झाक येते. वयाने जिना चढायचा बंद होत नाही. तो बंद होतो खुब्यामुळे, गुडघ्यामुळे, मणक्यामुळे, हृदयामुळे, नाहीतर पायरी दिसेनाशी झाल्यामुळे. यातल्या बहुतेक गोष्टींवर काहीतरी करता येतं, पण आधी त्या सापडायला हव्यात.

कुत्रा केकाटतो तो पाय चेंगरला, अचानक काही टोचलं तर. महिनोन् महिने मुरलेलं दुखणं तो मुकाट्याने वागवतो. जेवतो, शेपूट हलवतो, दाराशी स्वागतालाही येतो. फक्त काही गोष्टी करणं सोडून देतो, आणि सोडलेली गोष्ट आपल्या नजरेत भरत नाही.

म्हणून हा धागा. घरी काय बघायचं, मोजायचं कसं, डॉक्टरांकडे शोध कोणत्या क्रमाने जातो आणि कुठे चुकतो, एवढ्यावर लिहूया. उपचारांच्या याद्या इथे नकोत. निदानापुरतं औषध आलं तर चालेल.

सुरुवात मी करतो. झोपून उठल्यावर पहिली काही पावलं आखडलेली आणि थोडं चालल्यावर मोकळी होत असतील तर सांध्यांची झीज पहिल्यांदा मनात आणावी. गाडीत किंवा पलंगावर उडी मारण्याआधी थांबणं, वजन मागेपुढे करून अंदाज घेणं. पाय वर करून लघवी करणारा नर उभ्यानेच करायला लागणं. शी करताना वाकून बसता न आल्यामुळे दोन-तीन पावलं पुढे सरकत राहणं. एकच मनगट किंवा घोटा चाटून तिथले केस तांबूस होणं. आणि स्वभाव: लहान मुलं किंवा दुसरा कुत्रा जवळ आला की उठून जाणं, कधी गुरगुरणं.

ओसरी

यात नखं घाला. ज्या पायावर भार कमी पडतो त्याची नखं झिजत नाहीत, म्हणून इतरांपेक्षा लांब दिसतात. उलट मागच्या पायाच्या मधल्या दोन नखांची वरची बाजू घासलेली दिसली तर तो पाय फरफटतोय. तिथे नुसत्या सांध्याचा नाही, मज्जातंतूचाही संशय घ्यायचा.

दुसरं म्हणजे जेवणाचं भांडं. खाली ठेवलेल्या भांड्यातून खायला कुरकुर आणि तेच भांडं छातीच्या उंचीवर धरलं की मुकाट खाणं, याचा अर्थ मान तपासा. मान दुखणारा कुत्रा बाजूला बघताना नुसती मान वळवत नाही, अख्खं अंग वळवतो.

तिठा

तोंड विसरू नका. दात दुखतो म्हणून कुत्रा जेवण बंद करेल ही समजूत फार पक्की आहे आणि चुकीची आहे. तो खातच राहतो, फक्त एका बाजूने चावतो, कोरडा दाणा तोंडातून पडतो, चावायचं खेळणं सोडतो, लाळेत कधी रक्ताची रेघ येते. वरच्या जबड्यातली मोठी कातरदाढ तडकली तर डोळ्याच्या खाली सूज येते, आणि ती बघून डोळ्याचा किंवा कीटक चावल्याचा उपचार सुरू होतो. दाताचा बराचसा आजार हिरडीच्या आत असतो. भूल देऊन दातांचे एक्सरे काढल्याशिवाय "दात ठीक आहेत" हे वाक्य अपुरंच.

डोळाही तसाच. मिचकावणं, लाली, बुबुळावर ढगाळपणा, डोकं हाताखाली न देणं. डोळ्यातला दाब वाढला तर प्रचंड दुखतं आणि नजर काही तासांत जाऊ शकते. दाब मोजायला मिनिटभर लागतं. लाल डोळ्यावर घरातले थेंब घालून दोन दिवस वाट बघणं महागात पडतं.

मोजपट्टी

लक्षणं वाचून सगळ्यांना आपल्या कुत्र्यात सगळं दिसायला लागतं, म्हणून मोजण्याबद्दल लिहितो. तुलना दुसऱ्या कुत्र्याशी नको. सहा महिन्यांपूर्वीच्या त्याच कुत्र्याशी करायची. जुने व्हिडिओ काढून बघा, गोंधळ तिथेच निम्मा कमी होतो.

व्हिडिओ असा घ्या. सपाट, न घसरणारी जमीन, आठ-दहा मीटर लांबी. पट्टा सैल. ओढलेल्या पट्ट्याने डोक्याची हालचाल दबते आणि चित्रण वाया जातं. फोन कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीवर, उभ्या माणसाच्या नाही. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, समोरून येताना, पाठमोरं जाताना. आधी चालणं, मग दुडकी चाल, कारण बारीक लंगडणं दुडक्या चालीत जास्त स्पष्ट होतं. त्यानंतर झोपेतून उठणं, बसणं, दोन्ही बाजूंना छोटं वर्तुळ, जमत असेल तर चार पायऱ्या. सगळं मंदगतीत परत बघायचं.

काय बघायचं? पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उचललं जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. इथे गल्लत फार होते. डोकं ज्या पायावर खाली जातं तोच दुखरा समजून भलत्याच पायाचा एक्सरे निघतो. मागचा पाय दुखत असेल तर तो टेकताना त्या बाजूचा खुबा वर उचलला जातो. दोन्ही मागचे पाय दुखत असतील तर लंगडणं दिसतच नाही. तेव्हा पावलं आखूड होतात, पाठ कमानीसारखी होते, डोकं खाली राहतं आणि भार पुढे सरकतो. निरोगी कुत्र्यात साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर आणि ४० टक्के मागच्या पायांवर असतं. मागचं दुखायला लागलं की छाती-खांदे भरतात, मांड्या आटतात.

मांडीचा घेर शिंप्याच्या टेपने घ्या. कुत्रा कुशीवर, पाय सैल, टेप जांघेत जितकी वर जाईल तितकी, केस दबतील पण मांस दबणार नाही इतकी घट्ट. तीन वेळा मोजून सरासरी लिहा. एका सेंटिमीटरच्या आतला फरक मोजणाऱ्या हाताचा समजावा.

रोजच्या नोंदीला चार-पाच ठरावीक गोष्टी पुरतात, पण त्या नेमक्या हव्यात. "चालणं बरं आहे" ही नोंद निरुपयोगी. "सकाळी पहिल्यांदा उठायला किती सेकंद", "रात्री अकरा ते पाच किती वेळा जागा बदलली", "फिरताना पहिल्यांदा कुठे बसला", ही नोंद कामाची.

तयार प्रश्नावल्याही आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची 'केनाइन ब्रीफ पेन इन्व्हेंटरी' ११ प्रश्नांची आहे: चार दुखण्याच्या तीव्रतेचे, सहा दुखण्याने काय अडतं याचे, एक एकंदर जगण्याचा. पहिल्या दोन गटांना ० ते १० गुण आणि गटाची सरासरी. तीव्रतेची सरासरी किमान १ ने आणि अडचणीची किमान २ ने उतरली तर उपचार लागू पडला असं धरतात. 'हेलसिंकी' आणि 'लिव्हरपूल' या नावांच्याही प्रश्नावल्या आहेत. एकच निवडा आणि दर वेळी घरातल्या एकाच माणसाने भरा. 'ग्लासगो' पट्टी मात्र शस्त्रक्रिया किंवा इजेनंतरच्या ताज्या दुखण्यासाठी आहे. ती संधिवाताला लावली तर गुण फसवे कमी येतात.

सांजवारा

रात्री येरझाऱ्या घालणं आणि धापा टाकणं हे दुखणं की म्हातारपणातलं विसरणं, कसं वेगळं करायचं? दोन्हीच्या यादीत तेच लिहिलेलं असतं.

रानजाई

दुखणाऱ्याला जागा सापडत नसते. तो आडवा होतो, काही मिनिटांत उठतो, मऊ सोडून गार फरशीवर जातो, परत येतो, बसताना आधी मागचा भाग हळूच टेकतो. पण तो कुठे आहे हे त्याला कळतं, हाक मारली की येतो. विसरणारा कोपऱ्यात अडकतो, दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभा राहतो, भिंतीकडे बघत बसतो, ओळखीच्या माणसाला उशिरा ओळखतो, घरात लघवी करून ठेवतो आणि दिवसा गाढ झोपतो. दोन्ही एकत्र असणं नवलाचं नाही. म्हणूनच दुखणं तपासून झाल्याशिवाय "डोक्यावर परिणाम झालाय" म्हणू नये.

धापांना तिसरीही कारणं आहेत: हृदय, घशातल्या स्वरपडद्यांचा लकवा, कुशिंगचा आजार (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त बनणं). गाढ झोपेत असताना छाती मिनिटाला किती वेळा वर येते ते मोजा. वारंवार ३० च्या वर जात असेल तर आधी हृदय आणि फुप्फुसं. पाणीही मोजा. दिवसाला किलोमागे १०० मिली च्या वर पीत असेल तर ते जास्त आहे. मग रात्रीचं उठणं लघवीसाठीही असू शकतं.

तिठा

घरी हात लावून तपासताना: कुत्रा निवांत असताना, जिथे दुखत नसेल असं वाटतं तिथून सुरुवात. पंजे, बोटांच्या फटी, नखांची मुळं, मग वरवर. डावं-उजवं एकाच वेळी दोन हातांत घ्या. गरमपणा, सूज, आटलेला स्नायू फरकानेच कळतो. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठा आणि बोटं मानेपासून शेपटीपर्यंत न्या. दाब हलका.

उत्तर तोंडाकडे शोधा, हाताखाली नाही. श्वास रोखणं, ओठ चाटणं, कान मागे जाणं, डोळ्याचं पांढरं दिसणं, हाताकडे डोकं वळवणं, कातडी थरथरणं. यातलं काही एकाच जागी दोनदा झालं की थांबा, जागा लिहून ठेवा. पुन्हा पुन्हा दाबून खात्री करत बसू नका. प्रेमळ कुत्राही चावू शकतो आणि पुढच्या वेळी हात लावू देणार नाही.

मान हाताने वाकवू नये. खाऊ नाकासमोर धरून डावीकडे, उजवीकडे, वर, खाली न्या. तो स्वतः जितकी वळवतो तितकीच.

ओसरी

थोडं वेगळं विचारते, कारण असं करणारे खूप आहेत. घरातली माणसांची दुखण्याची गोळी अर्धी देऊन फरक पडतो का बघितलं तर?

तिठा

नाही. आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडाला इजा होते. नेप्रोक्सेनची रक्तातली मात्रा निम्मी व्हायला कुत्र्यात जवळपास तीन दिवस लागतात, म्हणून "एकच गोळी" तिथे एक राहत नाही, दुसऱ्या दिवशीची तिच्यावर चढते. पॅरासिटामॉल काही वेळा पशुवैद्य मोजून देतात, पण अंदाजाने दिलेल्या मात्रेने यकृत आणि तांबड्या पेशी दोन्ही बिघडतात.

आणि निदानही बिघडतं. सांधे तपासायच्या सकाळी दुखणं दबलेलं असेल तर डॉक्टरांना काय सापडणार? त्यातून सांध्यांचा दाह रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडाचा निघाला तर स्टिरॉइड लागतं, आणि दाहशामक, म्हणजे आयबुप्रोफेनच्या जातीची, गोळी व स्टिरॉइड एकत्र चालत नाहीत. मधे साधारण पाच ते सात दिवस कोरडे काढावे लागतात. ते दिवस कुत्रा सोसतो. काहीही दिलं असेल तर नाव, मात्रा आणि वेळ डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

द्रवरूप गॅबापेंटिनच्या (नसेच्या दुखण्यावरचं औषध) माणसांच्या बाटलीत झायलिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ असू शकतो. तो कुत्र्याला विष आहे.

रानजाई

आता दवाखान्यातला क्रम. टेबलावर चढवण्याआधी डॉक्टरांनी त्याला चालताना बघायला हवं. घाबरलेला कुत्रा दवाखान्यात लंगडत नाही, म्हणूनच वरचे व्हिडिओ. तपासणी जमिनीवर, न घसरणाऱ्या चटईवर करायला सांगायला संकोच करू नका.

उभ्याने स्नायूंची तुलना, मग मज्जातंतू. पंजा उलटा करून पाठीवर टेकवतात, पोटाखालून आधार देऊन. निरोगी कुत्रा लगेच सरळ करतो. उशीर लागला तर आजार सांध्यापलीकडे आहे. शेपूट वर उचलताना किंवा कंबर आणि माकडहाडाच्या जोडावर दाबताना दुखलं तर तिथे नस दबलेली असू शकते. खुबा मागे ताणल्यावर दुखतं तेव्हा खुबा की कंबर हा घोळ नेहमीचा. मांडी बाजूला फाकवून, कंबर न ताणता खुबा वेगळा तपासावा लागतो.

मग कुशीवर घेऊन एकेक सांधा, बोटांपासून वर, दुखरा पाय सगळ्यात शेवटी. गुडघ्याचा पुढचा अस्थिबंध तुटलाय का हे नडगीचं हाड मांडीच्या हाडापुढे सरकतं का यावरून बघतात. जाग्या, ताठरलेल्या कुत्र्यात ही चाचणी खोटी नकारात्मक येते. गुंगी देऊन पुन्हा करावी. घरची खूण: बसताना तो पाय दुमडून अंगाखाली न घेता बाजूला टाकणं.

रक्त-लघवी दुखणं दाखवत नाहीत, पण औषध आणि गुंगी झेपेल का हे सांगतात. इथे एक बारकावा. मूत्रपिंडाचं काम रक्तातल्या क्रिएटिनिनवरून जोखतात, आणि ते स्नायूंतून येतं. स्नायू आटलेल्या कुत्र्यात ते मुळातच कमी बनतं, म्हणून मूत्रपिंड बिघडलेलं असूनही आकडा ठीक दिसतो. लघवीचं विशिष्ट गुरुत्व (ती किती दाट आहे) आणि प्रथिनं सोबत बघाच, जमल्यास एसडीएमए ही मूत्रपिंडाची दुसरी रक्तचाचणी, तिच्यावर स्नायूंचा परिणाम होत नाही.

एक्सरे गुंगीतच. खुब्याचा सरळ एक्सरे म्हणजे पाठीवर झोपवून दोन्ही पाय ताणणं, जागेपणी ते क्रूर आहे आणि चित्र तिरकं येतं ते वेगळंच. दरेक भागाच्या काटकोनातल्या दोन दिशा हव्यात. मोठ्या जातीच्या कुत्र्यात मनगटाच्या वर, खांद्याजवळ किंवा गुडघ्याच्या आजूबाजूला टणक सूज असेल तर आधी हाडाचा कर्करोग नाकारायचा. तो कोपरापासून लांब आणि गुडघ्याजवळ धरतो. दाहशामकाने थोडे दिवस बरं वाटतं आणि त्यातच महिना जातो.

बरेच सांधे सुजलेले, ताप, आज हा पाय उद्या तो: असं असेल तर झीज म्हणून सोडू नका. सुईने सांध्यातलं पाणी काढून पेशी बघतात. झिजेत पेशी थोड्या आणि एककेंद्रकी. न्यूट्रोफिल (दाहात धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी) भरलेल्या दिसल्या तर रोगप्रतिकारशक्तीचा बिघाड, गोचिडीचे आजार किंवा जंतुसंसर्ग. गुदद्वारातून बोट घालून तपासणी बऱ्याचदा राहून जाते. नपुंसक न केलेल्या म्हाताऱ्या नरात प्रोस्टेट, आणि कुठल्याही कुत्र्यात गुदग्रंथी, तिथेच कळतात.

मोजपट्टी

एक्सरेबद्दल थोडा मतभेद. तो हवाच, पण एक्सरेतली झीज आणि प्रत्यक्ष दुखणं यांचं प्रमाण जुळत नाही. भयंकर दिसणाऱ्या खुब्याचा कुत्रा पळतो आणि स्वच्छ दिसणाऱ्या कोपराचा लंगडतो. म्हाताऱ्या कुत्र्याचा कुठलाही एक्सरे काढा, काहीतरी सापडतंच, आणि सापडलं की शोध थांबतो. हात लावल्यावर जिथे दुखलं त्याच जागेचं चित्र जुळलं तर त्याला किंमत.

शंका उरली की औषधाची चाचणी. रक्ततपासणीनंतर, पशुवैद्याने वजनावर ठरवलेलं दाहशामक पूर्ण मात्रेत, किमान दोन आठवडे, शक्यतो चार. मधेच अर्धी मात्रा, एक दिवसाआड असं केलं तर उत्तर काहीच मिळत नाही. त्या काळात दुसरं काही बदलायचं नाही: नवीन गादी, नवीन पूरक, फिरण्याची वेळ, सगळं तेच. उलटी, जुलाब, काळी शी, जेवण सोडणं, हिरड्या पिवळसर होणं, यातलं काही दिसलं की त्याच दिवशी बंद आणि फोन.

माणसाची आशा मधे येते. आपण औषध देतोय हे माहीत असल्याने साखरेच्या गोळीवरही घरच्यांना सुधारणा दिसते, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलंय. म्हणून आकडे आणि व्हिडिओ. डॉक्टरांच्या संमतीने औषध थांबवल्यावर कुत्रा परत जुन्या जागी गेला तर तो पुरावा चढतीपेक्षा पक्का. आणि फरक पडला नाही तरी "दुखत नव्हतं" असं ठरत नाही. नसेचं दुखणं, हाडाचा कर्करोग, दात, यांना एकटं दाहशामक पुरत नाही.

सांजवारा

मागचा भाग डुलतो, पंजा उलटा पडतो, पण हात लावल्यावर कुठेच दुखत नाही, अशा कुत्र्यालाही दुखण्याचं औषध चालू असतं. ते बरोबर आहे का?

रानजाई

त्याला आधी वेदनेतून वेगळं काढा. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचा ऱ्हास होण्याचा एक आजार, जर्मन शेफर्डमध्ये विशेष दिसणारा, दुखत नाही. एक मागचा पाय आधी, मग दुसरा, महिन्यामहिन्याने वाढत जातं. दुसरा प्रकार म्हणजे भुंकण्याचा आवाज बदलणं, घशात घरघर आणि मागच्या पायांत अशक्तपणा एकत्र. तो नसांचा आजार आहे, लॅब्राडॉरसारख्या मोठ्या जातींत म्हातारपणी दिसतो, आणि वर्षभर संधिवात म्हणून चालतो. दोन्हींत सांध्याचं दुखणं सोबत असू शकतं, म्हणून चाचणी म्हणून औषध चुकीचं नाही. पण उत्तर नसताना चालू ठेवणं चुकीचं. मणक्यांमधली गादी सरकून मज्जारज्जू दबलाय का हे एक्सरेत दिसत नाही, त्याला एमआरआय लागतो.

संधिवाताच्या दुखण्यावर महिन्यातून एकदा द्यायची बेडिनव्हेटमॅबची सुई सुरू करण्याआधी ही मज्जातंतूंची तपासणी करून लिहून ठेवावी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये पशुवैद्यांना पत्र काढून त्या औषधानंतर तोल जाणं, झटके यांसारख्या नोंदींकडे लक्ष वेधलं होतं. आधीची नोंद नसेल तर डुलणं औषधाचं की आजाराचं हे नंतर सांगता येत नाही.

पानगळ

नोंदवही, व्हिडिओ, चार आठवडे, हे सगळं खालच्या गोष्टींना लागू नाही. यांत त्याच तासाला निघा: मागचे पाय अचानक गेले किंवा लघवी होईना, पोट फुगलंय आणि उलटीचा नुसता जोर येतोय, बाहेर काही येत नाही, डोळा लाल, ढगाळ आणि मिटलेला, मोठ्या कुत्र्याने सूज असलेला पाय एकदम टेकायचाच सोडला. पुढचं अंग जमिनीला आणि मागचं वर अशी ताणल्यासारखी मुद्रा, सोबत उलट्या, म्हणजे पोट दुखतंय. तेही त्याच दिवशी.

ओसरी

मांडीचा घेर आणि प्रश्नावली किती दिवसांनी?

मोजपट्टी

प्रश्नावली गेल्या सात दिवसांबद्दल विचारते, म्हणून आठवड्याच्या आत पुन्हा भरण्यात अर्थ नाही. औषध सुरू करण्याआधी एकदा, मग दोन आणि चार आठवड्यांनी, पुढे महिन्याला. मागचा कागद समोर ठेवून भरू नका. घेर सहा ते आठ आठवड्यांनी, स्नायू त्याहून लवकर भरत नाही. वजन दर दोन आठवड्यांनी, त्याच काट्यावर. जाड कुत्र्यात सहा-सात टक्के वजन उतरलं तरी लंगडणं मोजण्याइतकं कमी होतं. तेव्हा औषधाच्या चाचणीच्या काळात वजन स्थिर ठेवा आणि उतरवायला त्यानंतर घ्या, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळणार नाही.